परिवेश पोर्टल आणि त्यामागचा वन कायदा: सर्व्हिस फास्ट आहे, फक्त कुणासाठी ते बघून घ्या

जानेवारी २०२२ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने एक पत्र काढलं होतं, आठवतंय का बघा. राज्यांमधली जी प्राधिकरणं प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देतात त्यांना स्टार रेटिंग देणार म्हणून. मार्क कशाचे? तर ८० दिवसांच्या आत मंजुरी दिली तर २ मार्क, जास्त दिवस लागले की मार्क कमी, जागेवर जाऊन पाहणी कमी केली तर मार्क, कंपनीला जादाचे प्रश्न कमी विचारले तरी मार्क. ७ मार्क झाले की फाइव्ह स्टार. जंगल किती वाचलं, नदी किती वाचली याला एकही मार्क नाही. बरीच ओरड झाली, मंत्रालयाने खुलासा केला की आम्हाला फक्त काम वेगाने व्हावं एवढंच म्हणायचं होतं. ठीक आहे. पण स्टार द्यायची पद्धत त्यांनीच काढलीय म्हटल्यावर आपणही देऊ की.

तर रिव्ह्यू परिवेश पोर्टलचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही केंद्राची वेबसाईट १० ऑगस्ट २०१८ ला सुरू झाली, पर्यावरण, वन, वन्यजीव आणि किनारपट्टी या चारही मंजुऱ्यांचे अर्ज एकाच ठिकाणी. नंतर तिचं २.० व्हर्जन आलं. जंगलात खाण काढायची असेल तर अर्ज इथूनच जातो, दुसरा दरवाजा नाही. आणि नुसत्या वेबसाईटचा रिव्ह्यू करून काही उपयोग नाही कारण वेबसाईट ही काउंटर आहे, माल आतमध्ये आहे, म्हणजे १९८० चा वन संवर्धन कायदा आणि त्याला २०२३ ला जे काही केलं ते. त्यामुळे दोन्हीबद्दल लिहितोय, थोडं लांबेल.

आधी चांगलं ते सांगतो, कारण चांगलं खरंच आहे. पूर्वी एखाद्या डोंगरावर खाण येतेय हे गावाला कळायचं ते पहिली जेसीबी आल्यावर. फाईल उपवनसंरक्षकांच्या ऑफिसातून निघून मंत्रालयात, तिथून दिल्लीला, आणि मधे कुठे अडकलीय ते फक्त ओळखीच्या बाबूला ठाऊक. आता प्रत्येक प्रस्तावाला नंबर आहे. वनजमिनीच्या प्रस्तावाच्या नंबरात सुरुवातीला एफपी, मग राज्याची अक्षरं, मग खाण असेल तर एमआयएन, असं दिसतं. एकदा हे कळलं की शोधणं सोपं जातं. अर्ज पाच भागांत असतो. पार्ट वन कंपनी भरते, पार्ट टू उपवनसंरक्षक, मग वनसंरक्षक, मग राज्याचे नोडल अधिकारी आणि शेवटी राज्य सरकार. सगळ्यात इंटरेस्टिंग पार्ट टू. पार्ट वनमध्ये कंपनी काय लिहिणार ते तुम्हाला मला न वाचताही सांगता येईल, पण पार्ट टूमध्ये जागेवर गेलेल्या अधिकाऱ्याने झाडं किती, घनता किती, वाघ-अस्वलाचा वावर आहे का, आणि शिफारस करतो की नाही, हे सगळं लिहायचं असतं. बऱ्याचदा खालचा अधिकारी स्पष्ट लिहितो आणि वर जाता जाता ते विरघळत जातं. हे विरघळणं बघायचं असेल तर पाचही भाग ओळीने वाचा, फुकटात असा धडा दुसरीकडे मिळत नाही. शिवाय केएमएल फाईल असते, ती गुगल अर्थवर उघडली की खाणीची हद्द थेट जंगलावर दिसते. वन सल्लागार समितीच्या बैठकांचा अजेंडा आणि मिनिट्सही टाकतात. या भागाला माझ्याकडून तीन स्टार, मनापासून.

आता इंटरफेस. अर्ज, नकाशे, टिपणं, मिनिट्स, जवळजवळ सगळं इंग्रजीत. गडचिरोलीतल्या एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातल्या ज्या गावाचा डोंगर जाणार आहे तिथे लोक माडिया बोलतात, सरकारी कागदासाठी मराठीशी झुंजतात, आणि त्यांच्या डोंगराचं काय होणार ते शंभर-दोनशे पानांच्या इंग्रजी पीडीएफमध्ये, तीही मोबाईलवर, तीही नेटवर्क असलं तर. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत जनसुनावणीसाठी स्थानिक भाषेत द्यायचा तो फक्त सारांश. मूळ अहवाल इंग्रजीत चालतो. सारांशात पाणी किती उपसणार हे सापडेल, पण ते कशावरून काढलं हे सापडणार नाही, आणि भांडण तर नेहमी त्या "कशावरून" वरच असतं. कंपनीच्या बाजूने बघाल तर मस्त सोय आहे, कुठल्या जागेला कुठली मंजुरी लागेल ते पोर्टलच सांगतं, फॉर्म एकच, नकाशावर जागा टाकली की जवळचं अभयारण्य किती लांब तेही दिसतं. हेच गावासाठी उलटं का नाही केलं? म्हणजे मी माझ्या ग्रामपंचायतीचं नाव टाकलं की माझ्या हद्दीत कुणी काय मागितलंय ते मराठीत मेसेजवर यावं. टेक्निकली यात काहीच अवघड नाही, बँक दहा रुपये कापले तरी मेसेज पाठवते.

आता आतल्या मालाबद्दल. १९८० चा कायदा फार छोटा होता, मुद्दा एकच, केंद्राला विचारल्याशिवाय राज्याने वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची नाही. मग १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाने गोदावर्मन प्रकरणात सांगितलं की वन म्हणजे फक्त सरकारी यादीतलं वन नव्हे, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल ते जंगल, मालक कोणीही असो. त्यामुळे खूप जमीन वाचली. २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात दुरुस्ती आली, २६ जुलैला लोकसभेत, २ ऑगस्टला राज्यसभेत पास, आणि १ डिसेंबर २०२३ पासून लागू. नावही बदललं, आता वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम म्हणायचं. कुठली जमीन या कायद्याखाली येते ते नव्याने ठरवलं, वन म्हणून जाहीर झालेली आणि २५ ऑक्टोबर १९८० पासून पुढे सरकारी रेकॉर्डवर वन म्हणून असलेली, असं. मग जे जंगल उभं आहे पण कागदावर नाही त्याचं काय, हा प्रश्न कोर्टात गेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अंतरिम आदेशात सांगितलं की तूर्त १९९६ चीच व्याख्या पाळा. टीव्हीवर चर्चा झाली ती याच्यावर आणि देशाच्या सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतल्या सामरिक प्रकल्पांना दिलेल्या सवलतीवर.

माझ्या मते खाणीसाठी खरी चावी दुसरीकडेच आहे आणि त्यावर फारसं कुणी बोललं नाही. दुरुस्तीत एक कलम आहे की टेहळणी, पूर्वेक्षण, अन्वेषण असले सर्व्हे, भूकंपमापन पद्धतीचे सर्व्हे धरून, हे केंद्राच्या अटी पाळून केले तर "वनेतर वापर" समजायचे नाहीत. म्हणजे खनिज आहे का ते बघायला जंगलात बोअर मारणं हेही जंगलाचंच काम समजायचं, असं झालं. बोअर मारायची मशीन खांद्यावरून नेत नाहीत हो, तिला रस्ता लागतो, पाणी लागतं, कॅम्प लागतो. पण ते सोडा, झाडं तुलनेने कमीच जातात हे मान्य. प्रॉब्लेम नंतरचा आहे. बोअरमध्ये माल लागला की त्याचा रिपोर्ट होतो, रिपोर्टचा ब्लॉक होतो, ब्लॉक लिलावाला जातो (२०१५ पासून खाणपट्टे लिलावाने), लिलावात कोणीतरी बोली लावतो, राज्याला त्यातून किती पैसे येणार ते कागदावर येतं, आणि मग, एवढं सगळं झाल्यावर, परिवेशवर अर्ज येतो की हे जंगल वळतं करायचं का, म्हणजे खाणीला द्यायचं का. आता सांगा, राज्याने ज्याची बोली घेतलीय त्याचा पार्ट फाईव्ह राज्य सरकार काय म्हणून भरणार? "नको" म्हणायची जागा बोअरच्या आधी होती आणि तिथला दरवाजाच काढून टाकलाय. त्याच ऑगस्टमध्ये खाण कायद्यातही दुरुस्ती झाली, लिथियमसकट ६ खनिजं अणुखनिजांच्या यादीतून बाहेर काढली, खाजगी कंपन्यांसाठी अन्वेषण परवाना आणला, २४ महत्त्वाच्या खनिजांच्या लिलावाचे अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतले. दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचले तरच चित्र पूर्ण होतं, एकेक वाचलं तर दोन्ही साधेसुधे वाटतात.

कुणी म्हणेल खनिज नकोच का मग, मोबाईल कशाचा बनतो. तसं म्हणतच नाहीये मी. बॅटरीला लिथियम लागतं, पुलाला लोखंड लागतं, मान्य. पण कुठून काढायचं आणि कुठून अजिबात नाही हे आधी ठरवा एवढंच. तसा प्रयत्न झालाही होता. २००९-१० च्या सुमाराला पर्यावरण आणि कोळसा मंत्रालयाने मिळून ९ कोळसा क्षेत्रांत "गो" आणि "नो-गो" असे पट्टे आखले होते. छत्तीसगडचं हसदेव अरण्य त्यात नो-गो होतं. पुढे काय झालं तर २०११ मध्ये तिथल्या परसा ईस्ट केते बासन खाणीला वन सल्लागार समितीने नको म्हटलं आणि मंत्र्यांनी हो म्हटलं, कारण समिती फक्त सल्ला देते, तो पाळलाच पाहिजे असं नाही. मंत्री जयराम रमेश, म्हणजे ज्यांच्या काळात चंद्रपूरची ताडोबाजवळची लोहारा कोळसा खाण नाकारली गेली आणि ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साईट खाणीलाही नकार मिळाला तेच. हे मुद्दाम सांगतोय, कारण काहीजण लगेच पक्षावर घसरतात. जुलै २०२२ ला छत्तीसगड विधानसभेने हसदेवमधले कोळसा ब्लॉक रद्द करा असा एकमताने ठराव केला, आणि डिसेंबर २०२३ ला तिथे पोलीस बंदोबस्तात पुढच्या टप्प्याची झाडं तोडली. परिवेशवर अशी काही सोय नाही की विधानसभेचा ठराव अपलोड करा आणि फाईल थांबेल.

ग्रामसभेचं बघू. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मान्य केले, आपल्याकडे धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये देशात सगळ्यात आधी मिळाले त्यात. त्याच वर्षी ३ ऑगस्टला मंत्रालयाने परिपत्रक काढलं की ग्रामसभेची संमती आणि हक्कांचा निपटारा झाल्याचा पुरावा प्रस्तावासोबत पाहिजे. नियमगिरीत याचा खरा कस लागला. तिथे पहिल्या टप्प्याची मंजुरी २००८ लाच देऊन झाली होती, मग २०१० ला नकार, मग सुप्रीम कोर्ट, आणि १८ एप्रिल २०१३ ला कोर्टाने सांगितलं की ग्रामसभांना विचारा. ओडिशा सरकारने स्वतः निवडलेल्या १२ ग्रामसभा झाल्या, न्यायाधीशांच्या देखरेखीखाली, आणि बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं. जानेवारी २०१४ ला केंद्राने अंतिम नकार दिला. सिस्टीम नीट चालली तर काय होऊ शकतं त्याचं हे उदाहरण, पण वाईट याचं वाटतं की हेच बघून पुढे बटन हलवलं असावं अशी शंका येते. कारण जून २०२२ च्या नियमांत ही जबाबदारी राज्यावर टाकली, आणि तीही केंद्राची मंजुरी आल्यानंतर, राज्याचा शेवटचा आदेश निघायच्या आधी. म्हणजे केंद्र हो म्हणणार, कंपनी पैसे भरणार, आणि मग तहसीलदार गावात येऊन विचारणार की काय मंडळी, तुमची हरकत नाही ना. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष हर्ष चौहान यांनी लेखी आक्षेप घेतला होता, मंत्रालयाने उत्तर दिलं की हक्क कुठेही कमी होत नाहीत. कागदावर नाहीच होत. फक्त विचारायची वेळ बदलली, आणि लग्न लागल्यावर मुलीला पसंती विचारली तर ती काय सांगणार.

जनसुनावणीही आधी जशी होती तशी राहिली नाही. ३० दिवस आधी जाहिरात, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी अध्यक्षस्थानी, प्रदूषण मंडळ आयोजक, कोणीही उठून बोलू शकतो. अर्धे लोक कंपनीच्या गाड्यांतून येतात, टाळ्या ठरलेल्या असतात, हे सगळं खरं, तरी म्हातारी बाई माईक हातात घेऊन "माझी विहीर आटली तर तू भरणार का" असं विचारते आणि ते इतिवृत्तात लिहावं लागतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रालयाने अणुखनिजं आणि महत्त्वाच्या, सामरिक खनिजांच्या खाणींना या जनसुनावणीतूनच सूट दिली. देशाची गरज असं कारण. गरज असेल तर मग लोकांना सांगायला काय हरकत होती, उलट जास्त जोरात सांगता आलं असतं.

रेट कार्ड. जंगल वळतं करताना कंपनीला एनपीव्ही भरावा लागतो, म्हणजे त्या जंगलाने पुढे जे दिलं असतं त्याची किंमत. २००८ चे दर हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाख रुपये होते, जानेवारी २०२२ पासून साधारण ९.५८ ते १५.९६ लाख. हेक्टर म्हणजे अडीच एकर, म्हणजे अगदी घनदाट जंगलाचाही एकरी साडेसहा लाखांच्या आतच. एवढ्यात कुठल्या शहराच्या कडेला एक गुंठा तरी मिळतो का बघा, आणि इथे एका एकरात साग, मोह, तेंदू, माती, झरा, अस्वल सगळं आलं. वर पर्यायी वनीकरण, तेवढीच बिगर-वनजमीन द्यायची आणि तिथे झाडं लावायची, केंद्राच्या कंपन्यांना दुप्पट खराब वनजमिनीवर लावायचीही सवलत. पैसा कॅम्पा निधीत, म्हणजे भरपाई वनीकरणाच्या निधीत जातो, २०१६ च्या कायद्याने ९० टक्के राज्याला आणि १० टक्के केंद्राला. ज्या गावाचा मोह गेला त्या गावात रोपं लागतील असं कुठेच नाही, ती दुसऱ्या जिल्ह्यातही लागू शकतात. विदर्भात आणखी एक सोपी वाट दिसत होती, झुडपी जंगल. पण २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने पूर्व विदर्भातलं ८६ हजार हेक्टरच्या वरचं झुडपी जंगल हे वनच आहे असं सांगितलं, आणि भरपाईची झाडं लावायला ते सहजासहजी वापरता येणार नाही, आधी मुख्य सचिवांनी दुसरी जमीन नाही म्हणून लिहून द्यायचं, मग तेही दुप्पट. हा निकाल मला आवडला.

एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो की संरक्षित म्हणजे सगळंच संरक्षित. तसं नाहीये. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात आणि त्यांच्या हद्दीपासून १ किलोमीटरमध्ये खाण नाही, हे सुप्रीम कोर्टाने २६ एप्रिल २०२३ ला पुन्हा स्पष्ट केलं. पण राखीव जंगल आणि दोन अभयारण्यांमधला वाघाचा कॉरिडॉर यांना अशी सरसकट मनाई नाही, तिथे सगळं अर्ज, अटी आणि मंजुरीवर. एटापल्लीतल्या सुरजागडच्या लोहखनिज खाणीचं बघा, २००७ चा पट्टा, ३४८ हेक्टर, डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं, आजूबाजूचं जंगल कुठल्याही अभयारण्यापेक्षा कमी नाही, पण नावापुढे अभयारण्य नसल्यामुळे हिशोबच वेगळा.

मग स्टार किती? कंपनीच्या जागी बसलो तर साडेचार देईन, अर्धा कापला तो फॉर्म अजूनही फार लांबलचक आहे म्हणून. पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांच्यासाठी तीन, इंग्रजी येत असेल आणि चिकाटी असेल तर. ग्रामसभेसाठी एक, तोही केएमएल फाईलमुळे, गावातली कॉलेजची पोरं ती उघडून हद्द सगळ्यांना दाखवू शकतात. कायद्याला वेगळा स्टार देत नाही, १९८० च्या व्हर्जनला चार दिले असते, सर्व्हेचं कलम काढलं तर आत्ताच्यालाही तीन देईन.

ज्यांना वापरायचंय त्यांच्यासाठी एक काम. मंजुरी मिळाली म्हणजे विषय संपला असं समजून सगळे पोर्टल बंद करतात, कंपनी सोडून. मंजुरीपत्रात अटी असतात, धुळीवर पाणी मारणं, नाल्यात गाळ न सोडणं, ट्रकची वाहतूक, वरची माती वेगळी साठवणं, आणि त्या पाळल्या का याचा अहवाल कंपनीने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो सार्वजनिक कागद आहे. तुमच्या भागातल्या खाणीचा शेवटचा अहवाल काढा, मंजुरीपत्र शेजारी ठेवा आणि अट नंबर टाकून टाकून जागेवरचे तारखेसकट फोटो जोडा. जिथे कंपनीने नुसतं "नोटेड" किंवा "पालन करण्यात येत आहे" एवढंच लिहिलंय ती अट आधी तपासा. अहवाल सापडलाच नाही तर मंत्रालयाचं विभागीय ऑफिस नागपूरला आहे, त्यांना ईमेल टाका, प्रस्तावाचा नंबर विषयात लिहा, मराठीतच लिहा.